चांगुणाआत्याने हातांनी सांगितलेली गोष्ट

११ फेब्रुवारी १९७३
रविवार, मी शिकवते ती शाळा बंद. आत्याला भाकरी द्यायला खडीच्या कामावर गेले. दुष्काळी कामावर चार गावं लोटलीत. जेवणाच्या सुट्टीत बाया लिंबाखाली गोल करून बसलेल्या — आणि मधोमध माझी चांगुणाआत्या! जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ती गोष्ट सांगत होती. हातांनी! लांडगा झाली, शेळी झाली, मग शेळीमागे धावणारी म्हातारी झाली. बाया हसून लोळल्या. परगावच्यांनाही सगळं कळत होतं.

परवाच वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं — शब्द फुटायच्या आधी माणूस हातांनी बोलत असावा. पहिली गोष्टही हातांनीच सांगितली असावी. खात्रीने कुणालाच ठाऊक नाही म्हणे. मला आज खरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
ठरलं. आत्याच्या सगळ्या गोष्टी वहीत उतरवायच्या. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्या खुणा मला बोलण्याआधी आल्या.

१८ फेब्रुवारी
पुन्हा गेले. लांबूनच पाहिलं — आत्या उभी. वाकून जणू विहिरीत बघते आहे. मग दोन्ही हात जोरात पुढे — तेवढ्यात मी पोचले आणि बाया गप्प! आत्याने हात पदराखाली घेतले. माझ्यापासून तिने आजवर कधी हात लपवले नव्हते.

२० फेब्रुवारी
छबूबाईंना गाठलं. त्या आत्याशेजारी बसून खडी फोडतात.
"नका इचारू, बाई."
मी हटले नाही.
"आत्यानं हातांनी दावलं, इहिरीवर एक बाई हुती. तिला कुनीतरी ढकललं. तुमच्या आईचंच हाय न्हवं ते?"

मी सहा महिन्यांची असताना आई पाय घसरून विहिरीत पडली — बाबांनी एवढंच सांगितलेलं. पण बाबा दिसले की गावातल्या बाया वाट का बदलतात, ते आज कळलं.

जेवताना बाबांच्या हातांकडे बघत राहिले.

२३ फेब्रुवारी
विचारलंच. "आईला तुम्ही ढकललंत?"
बाबा वहाणा घालत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. घोंगडी खांद्यावर टाकली आणि पारनेरच्या रस्त्याला लागले.

२४ फेब्रुवारी
आईचा चेहरा मला आठवत नाही. तरी डोळे मिटले की ती विहिरीच्या तळातून वर बघते. विहीर तर यंदा कोरडी ठणठणीत आहे.

२६ फेब्रुवारी
आत्याला समोर बसवलं. खूण केली — विहीर. सगळं सांग. कितीतरी वेळ ती नुसती मान हलवत होती. मग उठली.

आधी ती आई झाली. छातीशी मूल. काठावर उभी. मुलाला घट्ट आवळलं, डोळे मिटले, एक पाय पुढे टाकला.

मग आत्या आत्याच झाली. धावली. दोन्ही हात पुढे झेपावले — ढकलायला नव्हे! एका हाताने मूल ओढून घेतलं. दुसऱ्या हातात आईच्या लुगड्याचं टोक होतं. ते सुटलं.

इथवर बायांनी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी मध्येच जाऊन उभी राहिले होते ना!

आत्याने माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत बसली.

२७ फेब्रुवारी
बाबांचा पत्ता नाही.

२ मार्च
बाबा आले. मी पाय धरले, आत्याने दाखवलेलं सगळं सांगितलं. "त्या दिवशी 'नाही' का म्हणाला नाहीत हो?"
त्यांनी मला उठवून बसवलं. मग म्हणाले, "तुझ्या आदीची दोन लेकरं गेली तिची. तूबी जाशील म्हनून लई घाबरलेली. मी न्हाई म्हनलो असतो, तर तू खरं काय ते इचारलं असतंस. बाप वाईट निघाला तरी चालतंय, पोरी. आय तुला संगं घिऊन निघाली हुती, हे तुला कळाया नको हुतं."