उजवा ठिपका

३ फेब्रुवारी
उजळला! डावा ठिपका उजळला! कुठल्या कुठल्या त्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर काहीतरी मोठं गिळतंय. मधे दुसरी एक जड दीर्घिका आहे, तिच्या वजनानं प्रकाश वाकतो, म्हणून मागच्या या एकीच्या दोन दिसतात. उजवा ठिपकाही तीच — फक्त तिकडचा प्रकाश लांबच्या वाटेनं येतो. गणित म्हणतं, एक्केचाळीस दिवसांनी तोही उजळणार. जोशात भर बैठकीत तारीखच जाहीर केली: १६ मार्च!
सर म्हणाले, "दोन वेगळ्याच दीर्घिका निघाल्या तर? मार्चअखेर तुझी पीएचडीची मुदत संपतेय."
काय अवदसा आठवली मला!

४ फेब्रुवारी
घरी समजावलं. नवरा मान डोलावता डोलावता पेंगला. सासऱ्यांनी जन्मभर टपाल वाटलंय. चटकन म्हणाले, "एकाच दिवशी टाकलेली दोन पत्रं. एक सरळ आलं, एक वळसा घालून. त्यात काय एवढं?"
हेच सांगायला मी पंचवीस पानं लिहिली होती.

१६ मार्च
ठिपका ढिम्म. शेजारच्या टेबलावरच्या शहाण्यानं समारंभासाठी केक आणला होता. तो मात्र संपला.

१९ मार्च
दारावर चिठ्ठी — "काय उजेड पाडलात?" अक्षर शहाण्याचं. शपथेवर नाही म्हणतो!

२३ मार्च
सरांनी सहज विचारलं, सामान भरायला खोके हवेत का. फोनवर आई — "दोनच ठिपके ना गं? मग मोजायला सात वर्षं?"
सासरे एकटे ठाम. "उशीर झालाय, हरवलं नाहीये. वाटेत काहीतरी आडवं आलं असेल."
"बाबा, हे टपाल नाहीये!" खेकसलेच. ते पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

२७ मार्च
उजळला!! डाव्यासारखाच चढतोय, हुबेहूब! सर — "म्हणजे दीर्घिका एकच. पण अकरा दिवस उशीर. गणित चुकलं तुझं." दोन्ही खरं.

२८ मार्च
'वाटेत काहीतरी आडवं.' डोक्यातून जाईना. गणितात मधे आणखी एक वजन घातलं. अकराच्या अकरा दिवस जुळले! सरांनी दोनदा तपासलं, मग मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.
घरी आल्या आल्या म्हटलं, "बाबा, चुकले मी."
"ते राहू दे. त्या आडव्या आलेल्याचा पत्ता काय?"

९ एप्रिल
मोठ्या दुर्बिणीचा फोटो आला. मी जिथे वजन घातलं होतं, नेमकी तिथेच एक अंधुक दीर्घिका. आजवर कुणी पाहिलीच नव्हती.