अमरचा एकट्याचा अल्बम

३ नोव्हें., सोम.

अमर सकाळीच साताऱ्याला गेला, श्रीकांतच्या स्टुडिओत. दिवाळी सुट्टीचा शेवटचा दिवस, उद्यापासून शाळा, परत गणित शिकवणं. स्टुडिओ म्हणजे श्रीकांतच्या घरामागची पत्र्याची शेड, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पण आवाज छान मिळतो तिथं.

आता अमरची पाळी. वाईला ज्योतीकडे ठरलं होतं तसंच चाललंय. अकरा जणांचा आमचा बँड, 'गळीत हंगाम', कॉलेजपासूनचा. त्या जुलैनंतर एकत्र वाजवलंच नाही. म्हणून प्रत्येकानं आपापला एकट्याचा अल्बम करायचा, बाकीच्यांनी हातभार लावायचा, आणि मग परत सगळे मिळून. दादूचा झाला, नुसता ट्रंपेट. ज्योतीचा झाला. दोन्हींत माझं व्हायोलिन आहे.

अमरच्या, माझ्या नवऱ्याच्याच, अल्बममध्ये नाही. विचारलं तर म्हणाला, "यात व्हायोलिन बसत नाही गं, मनू."

नसेल बसत. क्लासची पोरं संध्याकाळी. रियाज राहिला.

९ नोव्हें., रवि.

दादू येऊन गेला. विट्याहून आला होता घरचा वाजंत्री बँड घेऊन. तुळशीची लग्नं झाली, यांच्या सुपाऱ्या सुरू. डोक्यावर ती लाल टोपी तशीच. चहा पिता पिता म्हणाला,

"वैनी, अमरदादाचं ते रेवाचं गानं लय आतनं आलंय बगा. वाजवताना माजा दमच टिकंना."

मी म्हटलं, कुठलं गाणं?

त्यानं कप खाली ठेवला. "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय..."

त्याचा काय दोष. रेवा हे नाव फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सातव्या महिन्यात, मुलगी झाली तर म्हणून, याच खोलीत ठरवलेलं. बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही. नवव्यात, त्या जुलैत, ती पोटातच गेली. मग बारसं कसलं आणि नाव कुणाला...

तेव्हापासून मी ते मोठ्यानं उच्चारलेलं नाही. अमरही नाही, असं धरून चालले होते. आज दादूच्या तोंडून ऐकलं.

१४ नोव्हें., शुक्र.

अजून विचारलेलं नाही. तो जेवतो, डबा घेतो, शाळेत जातो, पेपर तपासतो. भाजी आणतो. मेथी निवडून देतो. मी त्याच्याकडे बघत राहते. म्हणजे सगळ्यांसमोर त्यानं ते नाव... आणि इथं येऊन मेथी.

२२ नोव्हें., शनि.

विचारलं. दुपारी, जेवणं झाल्यावर.

"दादूला माहीत. श्रीकांतला माहीत. ज्योतीलाही असणार. मला?"

तो बराच वेळ ताटातलं खरकटं बोटानं गोळा करत राहिला. मग, "तुझ्यासमोर बोलता येत नाही. मी सुरू केलं की तू उठून जातेस."

"मी जाते? तू कधी सुरू केलंस?"

"केलं, मनू. पुष्कळदा."

मला एकही आठवत नाही. खरंच नाही. कदाचित तो ज्याला सुरुवात म्हणतो ती मला कळलीच नसेल. त्याचं बोलणं असंच, पहिल्या शब्दाआधी गिअर बदलत बसणारं.

म्हणाला गाणं ऐकवतो. मी म्हटलं नको. आणि उठून गेले. गॅलरीत आल्यावर लक्षात आलं, उठून आलो आपण.

२३ नोव्हें., रवि.

ज्योतीला फोन. "तू गायलीस त्यात?"

"ध्रुवपद गायलेय. सगळ्यांनीच. मनू, आम्हाला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून..."

फोन ठेवला.

दादू, श्रीकांत, ज्योती आणि बाकीचे, सगळ्यांनी मिळून तिचं नाव घेतलं. ग्रुपवर पण चाललं असणार. मी गेल्या वर्षीच ग्रुप म्यूट केलाय. ती आता बँडची झाली. माझी कधी होती?

३० नोव्हें., रवि.

ज्योती आली, वाईहून दोन एसट्या बदलून. येताना स्वतः केलेला लसणाचा ठेचा. आधी भांडी घासायला बसली, मी नको म्हणत असताना. तिचं असंच, हात ओले असल्याशिवाय मनातलं निघत नाही.

"शेडमध्ये पहिल्या दिवशी तो नुसता गिटार घेऊन बसून राहिला. दुपारपर्यंत. मग दादूनं काहीतरी वाजवायला घेतलं, श्रीकांतनं तबल्यावर हात टाकला, मी गुणगुणायला लागले आणि त्या गोंगाटात हा गायला लागला. नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं आम्ही. कुणी काही विचारलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"ते मी सांगायचं होतं का, मनू?"

बरोबर आहे. तरी राग गेला नाही. जाताना स्टँडवर म्हणाली, "एकदा ऐक. मग नको म्हणालीस तर तो काढून टाकेल. मी ओळखते त्याला."

काढून टाकायला नको आहे मला. ते झालेलंच नको होतं. गाणं नव्हे. सगळंच.

७ डिसें., रवि.

साताऱ्याला जाऊन आले. अमर शाळेच्या सहलीबरोबर होता, त्याला सांगितलं नाही. कराडपासून पुढे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एसटी रांगतच होती.

श्रीकांतनं खुर्ची पुसून दिली, हेडफोन दिले, स्वतः दारात पाठमोरा उभा राहिला.

अमरचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कडव्यात तिचे केस आहेत. दाट, ओले, कपाळाला चिकटलेले.

मला माहीत नव्हतं की तिला केस होते.

मला दाखवलीच नव्हती ना. दवाखान्यात सासूबाई, माझी आई, सगळ्या म्हणाल्या नको दाखवायला, पोरीला झेपणार नाही. मी गुंगीत होते. अमरनं आणि आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, नेली तिला. त्यानं बघितली. त्यानं हातात धरली. माझ्याकडे पोट होतं नुसतं आणि त्याच्याकडे चेहरा.

हेडफोन काढले. श्रीकांत म्हणाला, "पुढं अजून आहे वहिनी." म्हटलं, राहू दे.

त्याच्या बायकोनं कंदी पेढे बांधून दिले. कशाचे, हे तिलाही कळेना, मलाही. पिशवीत आहेत अजून.

८ डिसें., सोम.

अमर शाळेतून आला तेव्हा मी दूध तापवत होते. पाठ तशीच ठेवून विचारलं, "कुणासारखी होती?"

मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कपाळ तुझ्या बाबांचं. हनुवटी आपल्या कुणाचीच नाही, तिची स्वतःची." मग, "झोपल्यासारखी होती, मनू. खोटं सांगत नाही."

दूध उतू गेलं. गॅस त्यानं बंद केला. ओट्यापाशीच उभे होतो दोघं. तो रडला. मी त्याच्या शर्टाचं बटण धरून उभी होते, एवढंच आठवतं.

१४ डिसें., रवि.

मी उठून जात नाही, तो बोलतो. थोडं थोडं. बोटं किती, नखं किती. मग मला ताप आल्यासारखं होतं आणि मी म्हणते आज पुरे.

गाण्याचं मात्र सांगितलं: लोकांत जायला नको. कुणी रिक्षात ऐकेल, कुणी कणीक मळताना. कुणी खाली अंगठा दाखवेल. नको.

"बरं," म्हणाला. लगेच. त्या 'बरं'नं मला जास्त लागलं.

श्रीकांतचा अमरला फोन, ते गाणं काढलं तर अल्बमला मधोमध भोक पडतंय. दादूचा मला फोन: "वैनी, तुमी म्हनाल तसं. श्रीकांतला काय कळतंय? म्या सांगतो त्याला."

२८ डिसें., रवि.

गावाला जाऊन आलो, कोरेगावच्या अलीकडे. मीच म्हटलं होतं, कुठे ठेवलीय ते बघायचंय. या आधी गावी गेले की मळ्याकडे वळलेच नाही.

आबा पुढे, हातात काठी, चाल अजून पलटणीतली. वाटेत फक्त पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते. चारी बाजूंनी तुऱ्याला आलेला ऊस आणि मधे खाटेएवढा तुकडा मोकळा. स्वच्छ. तण नाही, दगड नाही.

"हितं," आबा म्हणाले. "तवापासनं हितं काय लावत न्हाई आमी. नांगर पण वळवून घेतू."

मी म्हटलं, आबा, मला कुणी सांगितलं नाही.

"आगं पोरी, तू इचारशील तवा सांगायचं, आसं तुज्या सासूनं आन् म्या ठरवलं हुतं. लय दीस लागलं बग तुला." आणि मग काठीनं मातीचं ढेकूळ फोडत, "लागू दे. लागत्यात."

मोटर बघायला म्हणून निघून गेले.

मी खाली बसले. अमर उभाच. नाव घेतलं मी. एकदा, हळू. उसाच्या पात्यांचा आवाज फार होता, अमरला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

११ जाने., रवि.

अमरचा अल्बम आला. ते गाणं सोडून. सगळ्यांनी कौतुक केलं. लोक म्हणतात छान आहे, पण कशाची तरी वाट बघायला लावून संपतो. अमर ते वाचतो आणि फोन पालथा ठेवतो.

आता कुणाची पाळी, असं ग्रुपवर विचारलं श्रीकांतनं. कुणी काही लिहिलं नाही. 'मग परत सगळे मिळून' हे तर आता कुणी म्हणतही नाही.

मी लिहिलं, माझी.

१५ जाने., गुरु.

काल संक्रांत. सुगडं घेऊन देवळात ओवसायला गेले नाही.

श्रीकांतकडून अमरचा नुसता आवाज मागवून घेतला. ट्रंपेट नाही, ध्रुवपद नाही. तो एकटा. शेवटपर्यंत ऐकलं या वेळी. मग व्हायोलिन काढलं. बसतं. सुरुवातीपासून बसतं.

अमरला म्हटलं, "आपण दोघंच करू. तुझा आवाज नव्यानं, आणि मी. बाकी कुणी नको. बाहेर काढायचं की नाही ते नंतर."

तो गिटारच्या तारेवरचा गंज नखानं खरवडत बसला.

"मला ते त्यांच्यात बसूनच गाता आलं, मनू. ते सगळे होते म्हणून तोंडातून निघालं. तू एकटी समोर असलीस तर..."

"तर काय?"

"निघेल की नाही माहीत नाही."

चिडले नाही. पहिल्यांदाच त्यानं पूर्ण वाक्य केलं.

१७ जाने., शनि.

श्रीकांतनं उद्याचा दिवस मोकळा ठेवलाय. सकाळी सातची एसटी. व्हायोलिनच्या दोन तारा बदलल्या, गजासाठी राळ घेतली.

अमर येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही. आत्ता इस्त्री करतोय. सोमवारचे शर्ट आहेत की उद्याचा, इथून दिसत नाही.