पुडीवरचं अक्षर

११ जानेवारी २०२५

अजिनाथचा फोन आला एकदाचा! नऊ दिवसांनी. पण आवाज त्याचा वाटेना.

"ताई, तीन तारखेला नदीवर गोळीबार झाला. हिऱ्यासाठी वाळू चाळणारी माणसं होती, तिथल्याच गावातली. चौदा गेली." कुणी केला रे? "सैनिकांनी. इथल्या सरकारच्याच. खाणीच्या हद्दीत शिरले म्हणून." आन् तू? "मी आत माल निवडत होतो." मग रडायलाच लागला. तीस वर्षांचा घोडा!

ये निघून म्हणाले, तर म्हणतो, पासपोर्ट कंपनीकडं हाय. आईला सांगितलं – रेंज नव्हती त्याला.

१३ जानेवारी

कारखान्यात शेठला विचारलं. राधाकिशनशेठनंच पाठवला ना त्याला आफ्रिकेत! "कच्च्या हिऱ्याची अशी नजर बीड जिल्ह्यात दुसरी न्हाई," म्हणाले होते. तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढे!! लाज वाटती आता.

शेठ म्हणाले, "करार हाय मंगल, तीन वर्षांचा. दीड तर झालं. जाईल निघून." गोळीबाराचं सांगितलं तर मोबाईलमध्येच बघत बसले.

दिवसभर बिलं केली. प्रत्येक बिलाखाली ती ओळ टाकावी लागती – हे हिरे कायदेशीर मार्गाने घेतलेले असून त्यांचा पैसा कोणत्याही संघर्षाला गेलेला नाही. सहा वर्षं टाकतेय. आज पहिल्यांदा वाचली.

१९ जानेवारी

फोन नाही. आई विचारती, मी चिडते. तिचा काय दोष?

६ फेब्रुवारी

आजचं नीट लिहिते.

दुबईहून माल आला. कागदावर शिक्के, सही, सगळं झकास. पुड्या उघडून वजन करणं माझं काम. चौथी पुडी उघडली. आतल्या पातळ कागदावर वर 'श्री'. खाली वजन, मराठी आकड्यात १२.४०, आन् बाजूला – "तीन डागी". खाली तारीख, ४/१.

अजिनाथचं अक्षर! कोरा कागद पुढं आला की आधी श्री काढतो, शाळेपासूनची सवय. तिकडं कुणाला वाचता येणार? बाहेरचे कागद बदलले, हा आतला राहून गेला.

पण बिलासोबतच्या दाखल्यात देश भलताच लिहिलाय. नदीपलीकडचा! म्हणजे माल चोरून पलीकडं न्यायचा आन् तिकडचा दाखला काढायचा. चौथ्या तारखेचा माल म्हणजे गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशीचा. ती माणसं पुरली पण नसतील.

कागद ब्लाउजमध्ये घालून घरी आणला. मांजरसुंब्यापासून नेकनूरपर्यंत जीपमध्ये छातीवर हात धरून बसले. बाजूची बाई म्हणाली, दुखतंय का?

८ फेब्रुवारी

मुंबईच्या हिरे तपासणी ऑफिसला फोन लावला. एक मॅडम बोलल्या, चांगल्या बोलल्या. भावाचं सोडून सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, नियमात संघर्ष म्हणजे बंडखोर. बंडखोरांनी हिरे विकून सरकारशी लढाई केली तरच. तुम्ही तर म्हणता सरकारचे सैनिक होते."

मग चौदा माणसं?

"ती वेगळी बाब आहे. ते या नियमात बसत नाही. बऱ्याच देशांनी हा नियम बदला म्हणून सांगितलं, एकमत होत नाही."

वेगळी बाब! माणूस कुणाच्या गोळीनं मेला ते बघून मरण मोजतात का हो? मग दाखल्यातल्या देशाचं विचारलं.

"देश खोटा लिहिलाय, त्याची तक्रार घेऊ," म्हणाल्या. "पण पुरावा पाहिजे."

९ फेब्रुवारी

सुनिताला कागद दाखवला. कारखान्यात घाटावर, म्हणजे घासायच्या चाकावर बसती, बारा वर्षं झाली हिरे घासते. तिनं हात जोडले! "मंगल, नको गं. कारखान्याला कुलूप लागलं तर आमी बावीस बाया कुठं जावं? परत ऊसतोडीचा कोयताच हाय. लेकरं शाळेतून काढून फडात न्यायची का?"

खरंय तिचं. पण माझा भाऊ तिथं हाय. कागद तपासणीच्या साहेबांच्या हातात पडला तर ते विचारतील ना – हे मराठी लिहिणारा कोण? अडकलेला दिसतोय. आणा त्याला! दुसरा रस्ता सांगा मला कुणीतरी.

१२ फेब्रुवारी

मॅडमला कागदाचा फोटो पाठवला. अजिनाथचं नाव नाही लिहिलं. लिहिलं – अक्षर ओळखते, समोर सांगेन.

२४ फेब्रुवारी

मुंबईचे साहेब आले, दोघं. माल सील. शेठचा चेहरा पांढराफटक. बाया भिंतीला टेकून उभ्या, सुनितानं माझ्याकडं बघितलं पण नाही.

मला आत बोलावलं, कागद ताब्यात घेतला. मी आधी नदीचं सांगायला लागले. "ते असू द्या," म्हणाले. चौदा माणसांवर एक प्रश्न नाही! फक्त कागद. कुणी बांधली पुडी? कुणाचं अक्षर?

विचारलं, नाव सांगितलं तर काय होईल? मोठे साहेब म्हणाले, "तिकडच्या सरकारला कळवू. तस्करीत हात दिसतो त्याचा. अटक करतील." त्याला इकडं आणणार नाही का? "आधी तिथला गुन्हा. मग बघू."

तिथलं सरकार म्हणजे तेच सैनिक!

आन् कंपनी? शेठ? "त्यांचे दाखले बरोबर आहेत. फसवणूक खाली कुणीतरी केलीय." खाली! सगळ्यात खाली माझा भाऊ. मीच त्याचं मानगूट धरून त्यांच्या हातात दिलं. काय करून बसले मी! कशापायी मला अक्कल सुचली ती?

उद्या सकाळी जबाब. आईनं भाकरी वाढली, तशीच राहिली.

२५ फेब्रुवारी

साहेबांनी कागद पुढं सरकवला. "बोला बाई, अक्षर कुणाचं?"

"माझं," म्हणाले. "शेठवर राग होता, म्हणून मीच लिहून घातला पुडीत."

त्यांनी लिहून घेतलं – तक्रार खोटी. मी सही केली.