चार सेकंदांचा विराम

प्रिय आई,

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू ते दादाकडून वाचून घेशील आणि तो महिनाभर मला चिडवत बसेल.

श्रद्धेचा अभ्यास तटस्थपणे करता येतो, असं मी वर्गात वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले. म्हणून तर माझ्या प्रबंधात तू आई नाहीस, ‘व्यक्ती क्रमांक सात’ आहेस. तुझी प्रार्थना रेकॉर्ड करताना तू मध्येच थांबलीस. मी घड्याळ बघून नोंदवलं: विराम, चार सेकंद, कारण अज्ञात.

आता त्या प्रबंधाचं पुस्तक होतंय. आज दुपारी प्रुफं तपासताना ती टेप पुन्हा लावली. टेबलावर ऊन सांडलं होतं, हेडफोनमध्ये तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा तरंगत होता. विराम आला. मी आवाज वाढवला. तू कुजबुजत होतीस, “पोरीचं मशीन नीट चालू दे रे देवा. फार कष्ट करते ती.”

मशीन नीट चाललं, आई. म्हणूनच ऐकू आलं.

‘अज्ञात’ खोडलंय. त्या जागी काय लिहावं ते सुचत नाही, आणि उद्या प्रुफं परत द्यायची आहेत.

तुझी,
व्यक्ती क्रमांक सातची मुलगी