अर्धवट राहिलेल्या हालाबाबत

मी, शेख नसीम शेख उस्मान, वय ६९, धंदा स्कूटर दुरुस्ती, राहणार बीड, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दाब नसताना हे लिहून ठेवतो. अक्षर वाकडं आहे, ते वयामुळे.

१. दोन खोल्यांचं घर माझी एकुलती मुलगी मुबश्शिरा आणि पुतण्या मुजाहिद यांच्यात शरियतप्रमाणे वाटावं. भांडू नये.

२. दुकानातले पाने, पकडी आणि हवेचा पंप मुजाहिदला द्यावा. मुबश्शिरा राजी आहे. मुजाहिद कव्वाली आणि तिच्यात येणारा हाल यातलं काही मानत नाही आणि तसं माझ्या तोंडावर सांगतो. त्याच्यावर माझा राग नाही.

३. चाँद कव्वाल हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला माझ्या मिळकतीतलं काहीही देऊ नये. मागाहून कोणी मला कोत्या मनाचा म्हणू नये, म्हणून कारण लिहितो.

आमच्यात रिवाज आहे. कव्वालीत एखाद्याला हाल आला, म्हणजे तो देहभान विसरून उभा राहिला, की सारी मैफल उभी राहते. ज्या ओळीवर हाल आला तीच ओळ कव्वाल म्हणत राहतो, माणूस शुद्धीवर येईपर्यंत. दिल्लीचे एक बुजुर्ग एकाच ओळीवर चार दिवस हालात होते आणि त्यातच गेले, असं सांगतात. मध्येच ओळ तोडू नये, हे मला चाँदनेच शिकवलं होतं.

१९९३ च्या उरुसात चाँदच्या ओळीवर मला हाल आला. आयुष्यात एकदाच. काय दिसलं ते लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, की मरणाची भीती पार गेली होती. तेवढ्यात दर्ग्याच्या फाटकाशी एका पुढाऱ्याची गाडी आली. चाँदने ओळ सोडली आणि स्वागताचं गाणं धरलं. लोक खाली बसले. मी हात वर करून एकटा उभा. कोणीतरी हसलं. पुढे कित्येक वर्षं गल्लीत मला 'नाटक्या' म्हणत.

मागच्या वर्षी हजला जाण्याआधी चाँद दुकानात आला, कहासुना, म्हणजे आजवरचं बोललं-चाललं, माफ करून घ्यायला. मी विचारलं, "ओळ काहून तोडली?"

"तुजा हाल खरा हाय का न्हाई, मला कसं कळावं? लई लोक सोंग करतेत," तो म्हणाला. "बस, आत्ता म्हनतो."

परके हसले ते मी सोसलं होतं. हे सोसवलं नाही. तरी बसलो. त्याने तासभर ती ओळ म्हटली. आवाज अजून गोड आहे. मी डोळे मिटून वाट पाहिली, पण रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू आले. मग मला रडू फुटलं. चाँदला वाटलं, हाल आला. त्याने मला मिठी मारली आणि समाधानाने हजला गेला. माफी मिळाली असं तो समजतो. मी दिलेली नाही. आणि मरणाची भीती आता रोज वाटते.

४. ती माफी मी मुबश्शिराच्या नावे करतो. उरुसात ती सहा वर्षांची होती, बापाची फजिती तिने पाहिली आहे. चाँदला माफ करायचं की नाही, हे तिने ठरवावं. मी प्रयत्न केला, माझ्याच्याने झालं नाही.

हे मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: शेख नसीम शेख उस्मान

साक्षीदार:
आप्पाराव घुले, टायरवाले (त्या उरुसात हजर होते)
उत्तरेश्वर जाधवर, शेजारी

बीड, १४ जानेवारी २०२५