आत माणूस आहे

२ जानेवारी, शुक्रवार

नानाला काल घरी आणलं. गळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र गेला. कायमचा. डॉ.नी आधी सांगितलं होतं, तरी त्या घरात त्याचा आवाज नाही हे पटत नाही.

दुपारी अकोट्याला त्याच्या घरी जाऊन आले. सुनेने, हिरलने, उशाशी पाटी ठेवलीय. समीरने बापाला फोनवर टाइप करायची सोय करून दिलीय. नाना दोन्हींकडे ढुंकून बघत नाही. माझा थोरला भाऊ जन्मात कोणाचं ऐकलेला नाही. बोलती बंद झाली म्हणून आता ऐकेल, असं कोणाला वाटलं?

मला बघून त्याने भिंतीकडे तोंड केलं. परत येताना रिक्षात रडले. रिक्षावाला म्हणाला, "शुं थयुं, मासी?" काही नाही म्हटलं.

५ जाने., सोम.

आता शेक घ्यायचेत. रेडिएशन. सगळे शेकच म्हणतात, जशी काही कंबर दुखतेय आणि गरम वीट द्यायचीय. आज मुखवटा करायला नेलं होतं. प्लॅस्टिकची जाळी गरम करून तोंडावर बसवतात, मग ती टेबलाला अडकवतात, म्हणजे मान हलत नाही. मुखवटा करून घेतला गुपचूप. शेकाची खोली बघून बाहेर आल्यावर मात्र अडून बसला. पहिल्यांदाच पाटी घेतली आणि लिहिलं, "नको." समीरने फोटो पाठवला.

शेक लवकर सुरू केले नाहीत तर दुखणं उलटायची भीती आहे, डॉ.नी स्पष्ट सांगितलंय. समीर फोनवर म्हणाला, "आत्या, तू सांग ना. तुझं ऐकतील." माझं! बहात्तर वर्षांचा घोडा, या धाकट्या बेबीचं ऐकणार.

मला तो हवाय. क्वार्टरांच्या जुन्या लाइनीतलं दुसरं कोण राहिलंय माझं?

८ जाने., गुरु.

आज गोंधळ. हिरलचे मामा भेटायला आले होते. बँकेत मोठे साहेब होते, अजून उतरलेली नाही ती साहेबी. दुधीचा रस, सकारात्मक विचार, सगळं नानाला ऐकवून झालं. मी शेजारीच. नानाने माझ्याकडे बघत छातीवर डाव्या बाजूला दोन बोटं ठोकली. परत ठोकली. हिरल किंचाळली, "पप्पांना छातीत दुखतंय!" पुढे अॅम्ब्युलन्स, ईसीजी, रक्त. काही निघालं नाही. नाना संतापाने लाल.

घरी आले, चहाचं आधण ठेवलं, आणि एकदम लक्षात आलं. छातीवर दोन बोटं. खिशातल्या पेनाची जागा.

साहेब आला!

अण्णांची, आमच्या वडिलांची खूण. एकटीच हसत सुटले, चहा उतू गेला.

१० जाने., शनि.

दोन दिवस तेच डोक्यात. रेल्वे यार्डामागची आमची क्वार्टरांची लाइन. पिवळा चुना मारलेल्या खोल्या, समाईक नळ, भोंगा झाला की सगळ्या घरांत एकदम हालचाल. आईचे पापड वाळत पडले की त्यावर इंजिनांची काजळी बसायची. आम्हाला वाटायचं पापडाला ठिपके असतातच. राखेच्या ढिगातून अर्धे जळलेले कोळसे वेचून आणायचे, ते काम माझं आणि नानाचं. सगळं गोड होतं असं नाही. थंडीत पाय फुटायचे आणि आई फार थकलेली असायची.

अण्णा बॉयलरच्या कामावर. पत्र्यावर हातोडे दिवसभर. तिथे बोललेलं ऐकूच येत नसे, म्हणून सगळी माणसं खुणांनी बोलत. पुढे अण्णांचे कान गेले आणि त्या खुणा आमच्या घरात आल्या. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मनगट फिरवलं म्हणजे काम बंद. जेवताना आम्ही तोंडाने कमी, हातांनी जास्त बोलायचो. शाळेतली मुलं चिडवत. नाना मारामाऱ्या करून यायचा.

हिरलचा फोन. तिच्या गुजरातीत मी फोई, म्हणजे आत्या. "फोई, पप्पा नाराज छे माझ्यावर? मला काय खबर, छातीला हात लावला तर मी तर घाबरूनच गेली." तिला सगळं सांगितलं. पोर रडायला लागली. मग म्हणाली, मलापण शिकवा ना.

१२ जाने., सोम.

अकोटा. आत गेले आणि एक शब्द न बोलता अंगठा ओठाला लावला. नाना बघतच राहिला. मग मी दोन बोटं छातीवर ठोकली आणि मामा बसले होते त्या खुर्चीकडे मान केली. गळ्याला श्वासासाठी ठेवलेल्या भोकातून हवा फुसफुसली. हसत होता. डोळ्यांत पाणी. किती वर्षांनी आम्ही दोघं असे बोललो.

मग विचारलं, शेक का नको?

त्याने उजवा पंजा वर केला, उभा, माझ्याकडे तोंड करून. तसाच धरून ठेवला. मग खांदे उडवले: कोण?

तेव्हा कळलं नाही. पुलावरून येताना कळलं.

१४ जाने., बुध. उत्तरायण

सकाळपासून गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा, "काप्यो छे!" मी गेलेच नाही वर. हिरलने उंधियू पाठवलं.

पंजाचं लिहून ठेवते. बॉयलरच्या पोटात माणूस शिरायचा तेव्हा त्याचा जोडीदार तोंडाशी उभा राही. शिरणारा पंजा दाखवी. बाहेरचा पंजा दाखवून उत्तर देई, मगच तो आत जाई. मग बाहेरच्याने हात पत्र्यावर ठेवायचा आणि माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आत माणूस आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून. अण्णांचे जोडीदार रमणकाका. भोंगा झाला तरी रमणकाका हलत नसत.

अण्णा कामावर निघतानाही दारात पंजा दाखवायचे. आई पिठाचा हात वर करायची. तिने हात केल्याशिवाय ते पायरी उतरले नाहीत कधी.

आम्हीही खेळायचो. नाल्याजवळ सिमेंटचा लांब पाइप पडला होता. एकदा मी मध्यावर अडकले, फ्रॉक कशात तरी गुंतला. बाकीची पोरं भोंगा ऐकून घरी पळाली. नाना पाइपावर दगडाने ठोकत राहिला. ठक. ठक. त्या आवाजाच्या दिशेने सरकत बाहेर आले. त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडला.

शेकाच्या खोलीत बाहेरचं कोणी थांबत नाही. सगळे बाहेर जातात, दार लागतं, हा मुखवट्याखाली एकटा. दारात कोण, एवढंच तो विचारत होता.

१५ जाने., गुरु.

समीरला सांगितलं. म्हणाला, "आत्या, कॅमेरा असतो, आतलं सगळं बाहेर दिसतं, त्यांनी हात वर केला तरी कळतं." म्हटलं, कॅमेरा त्याचा कोण लागतो?

नानाकडे गेले. पंजा वर केला. म्हटलं, मी आहे. रोज येईन.

बराच वेळ खिडकीबाहेर झाडात अडकलेल्या पतंगाकडे बघत बसला. पाटी उलटी ठेवून दिली.

१६ जाने., शुक्र.

हॉस्पिटलात. हे इथेच लिहितेय.

सकाळी समीरचा फोन, "पप्पा बूट घालून बसलेत." धावतच आले. नाव पुकारलं तेव्हा नाना उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. मला वाटलं, फिरला आता माघारी. आतला मुलगा म्हणत होता, "चलो काका." नाना वळला. पंजा वर केला.

मी केला. माझ्या बाजूला हिरलनेही केला. तिला मी शिकवलेलं नव्हतं हे.

मग आत गेला.

दार केवढं जाड. ठोकून आत काही जायचं नाही. आतला मुलगा बाहेर येऊन बटणांपाशी बसलाय. दोनदा म्हणाला, "मासी, बेसो ने, वार लागशे." वेळ लागणार म्हणे. खुर्ची भिंतीला लावून बसलेय. डावा हात भिंतीवर आहे, उजव्याने लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय. असे पुष्कळ दिवस यायचंय, आणि शेवटी काय होईल ते डॉ.सुद्धा सांगत नाहीत. हिरल विचारतेय, "फोई, हात दुखला तर मी ठेवू?"

नको म्हटलं. दारावरचा लाल दिवा अजून चालू आहे.