मागची बाजू

४ जानेवारी

निळं पुरे! आज सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. गॅलरीवाला कपाळाला हात लावून बसला. "मॅडम, लोक तुमच्या निळ्यासाठी येतात." येऊ देत. माझाच जीव त्यात रमत नाही, त्याचं काय?

नव्या वाचनालयाच्या अंगणात मोठं शिल्प हवंय, दगडाचं नाहीतर धातूचं. आधी लहान नमुना द्यायचा, समिती एक निवडणार. मी नाव देऊन मोकळी झाले. जन्मभर ब्रश धरला, आता छिन्नी!

नवरा म्हणाला, "बोटं सांभाळ म्हणजे झालं."

१९ जानेवारी

अंगठा ठेचला. नवरा एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी

नमुना झाला. वर वर वळत गेलेली लाट — लाट नव्हेच, पण दुसरा शब्द सापडत नाही. मी खूश!

संध्याकाळी लेक आली. ती लोखंडात शिल्पं करते, बोलणंही तसंच. नमुन्याभोवती फिरली. मग म्हणाली, "आई, हे चित्रच आहे गं. समोरून छान. मागे काहीच नाही."

"आता तू मला शिकवणार?"

चहा न घेताच गेली.

३ फेब्रुवारी

सकाळपासून सारखी मागे जाऊन बघतेय. कार्टीचं खरं आहे.

४ फेब्रुवारी

फोडला.

२० फेब्रुवारी

नवा दगड. या वेळी मागूनच सुरुवात केली, समोरचं येईल तसं येईल. बसवत नाही, जेववत नाही. दगडाभोवती फिरून फिरून धुळीत वाट पडलीय. नवरा दारातून, "घाण्याला जुंपलंय का तुला कुणी?" हसू आलं — किती दिवसांनी!

लेकीला फोन केला. "बघायला ये ना." "खूप काम आहे गं." अजून फुरंगटलेलीच आहे.

१ मार्च

नमुना देऊन आले. आता हातांचं काय करू?

१५ मार्च

निकाल लागला. लेकीचं शिल्प निवडलं! तिनेही नमुना दिला होता, हे मला आज कळतंय. मी दुसरी.

आधी छिन्नी कोपऱ्यात भिरकावली. मग उमगलं — स्वतः स्पर्धेत असून ती पोरगी मला माझी चूक दाखवून गेली!

मघापासून फोन लावतेय, सारखा एंगेज. तीही मलाच लावत असणार.